बकरी आमची, पिंजरा सरकारचा



हे टिपण आम्ही रत्नागिरीहून लिहितो आहोत. जिल्हा बैठकांत ते वाटले जाईल तेव्हा वाचणारे बहुतेक जण कापूस-ज्वारीवाले, पावसाच्या भरवशावर शेती करणारे असतील. या आंबा-काजूवाल्यांनी आम्हाला काय सांगावे, असा पहिला विचार त्यांच्या मनात येईल. तो विचार रास्त आहे. आमच्याकडे पाऊस मोजायला दांडा पुरत नाही आणि तुमच्याकडे मृगाचा थेंब मोजून घ्यावा लागतो. आमची जमीन गुंठ्यांत, तुमची एकरांत. पण एक सातबारा तुमचा-आमचा सारखाच आहे. त्यावर नाव शेतकऱ्याचे असते आणि रात्री पिकावर ताबा रानडुकराचा असतो. आणि जनावर डुकराऐवजी बिबट्या किंवा वाघ असेल, तर गोठाही आपला राहत नाही.

आज बोलायचे आहे ते आमिषाबद्दल. पिंजऱ्यात काय ठेवायचे, कोणी ठेवायचे, कोणाच्या खर्चाने ठेवायचे. विषय क्षुल्लक वाटेल. आम्हालाही वाटत होता.

आमच्या एका वाडीत दिवाळीनंतर बिबट्याचा वावर सुरू झाला. आमच्याकडची जुनी माणसे त्याला वाघच म्हणतात. दोन कुत्री गेली, एक वासरू गेले. अर्ज झाले, खेटे झाले, शेवटी गाडीतून पिंजरा आला. लोखंडी, जड, उतरवायला सहा माणसे लागली, तीही वाडीतलीच. पिंजरा ठेवून झाल्यावर सोबत आलेल्या माणसांनी विचारले, "बकरी कोण देतो?" वाडीत शांतता. आमिष सरकारी नसते हे तोवर कोणाला माहीत नव्हते. शेवटी एका आजींनी आपली पाट दिली. पहिल्या वेतालाही न आलेली, तांबूस रंगाची. गावाचे भले होईल म्हणून दिली. अकरा रात्री ती बकरी त्या खणात उभी होती. पाला-पाणी घालायला आजी रोज दीड मैल चालत जात होत्या. बिबट्या एक रात्र येऊन पिंजऱ्याला फेरी मारून गेला, ठसे सगळ्यांनी पाहिले, आत मात्र गेला नाही. बकरीने खाणे सोडले. बाराव्या दिवशी ती मेली.

आजींनी भरपाई मागितली. त्यांना सांगण्यात आले की बिबट्याने मारली असती तर पंचनामा झाला असता. ही बकरी बिबट्याने मारलेली नाही. ती पिंजऱ्यात मेली, म्हणजे आपोआप मेली. त्या कोणत्या कचेरीत गेल्या होत्या ते आम्ही लिहीत नाही, कारण दुसऱ्या कचेरीत गेल्या असत्या तरी हेच उत्तर मिळाले असते. नियमांत वन्यप्राण्याने मारलेल्या जनावराला रकाना आहे. सरकारी पिंजऱ्यात भीतीने मेलेल्या जनावराला रकाना नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाची व्याख्या आहे. शिकार म्हणजे नुसते मारणे नव्हे. पकडणे, फास लावणे, सापळा लावणे, हाका घालणे आणि आमिष दाखवणे, हे सारे त्या व्याख्येप्रमाणे शिकारच आहे. तसा प्रयत्न करणेसुद्धा. म्हणजे तुम्ही स्वतःची बकरी स्वतःच्या बांधावर बिबट्यासाठी म्हणून बांधलीत तर तुम्ही शिकारी ठरता. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिक्षा तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान पंचवीस हजार. तीच बकरी, तोच बांध, तोच बिबट्या, पण पिंजऱ्यावर सरकारी रंग असला की ती 'व्यवस्थापनाची कारवाई' होते. दोन्हींत फरक एवढाच की परवानगी त्यांची आणि बकरी तुमची.

कापूसवाल्यांना यवतमाळची आठवण देण्याची गरज नाही. पांढरकवडा-राळेगावच्या पट्ट्यात टी-१ नावाच्या वाघिणीवर (शहरातल्यांनी तिचे नाव अवनी ठेवले) २०१६ पासूनच्या तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका होता. मेलेले कोण? गुराखी, शेतमजूर, कापसाच्या शेतात एकटा गेलेला माणूस. सप्टेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने कारवाईत हस्तक्षेप करायचे नाकारले आणि मग जी मोहीम निघाली ती आठवा. हत्ती आले, त्यातला एक साखळी तोडून गेला आणि त्याने एका बाईचा जीव घेतला. परदेशी जातीची कुत्री आली. हवेत उडणारे छत्रीवाले यंत्र आले. झाडांना घोडे आणि बकऱ्या बांधल्या गेल्या. आणि सरतेशेवटी आले अत्तर. कॅल्विन क्लाइन कंपनीचे 'ऑब्सेशन', पुरुषांसाठीचे. ते रानात शिंपडले गेले, दुसऱ्या वाघिणीचे मूत्र शिंपडले गेले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या बाजूला वाघीण गोळीने मेली.

त्या अत्तराची तेव्हा फार थट्टा झाली. आम्ही करणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात २००३ साली चित्त्यांसमोर चोवीस अत्तरे ठेवून पाहिली, तेव्हा याच अत्तरापाशी ते सर्वांत जास्त वेळ, अकरा मिनिटांच्या आसपास, रेंगाळले. कारणही समजण्यासारखे आहे. जवादी मांजराच्या गंधात जो मूळ पदार्थ असतो तो कारखान्यात बनवून या अत्तरात घालतात. जवादी मांजर म्हणजे परदेशातले काही नव्हे, आमच्या रत्नागिरीच्या गडग्यांतून रात्री फिरणारे जनावर. म्हणजे ज्या वासाची बाटली हजारो रुपयांना परदेशातून येते तो वास कोकणातल्या मांजराच्या शेपटीखाली फुकट असतो! असो. आमचे म्हणणे वेगळे आहे. वास मांजरकुळातल्या जनावराला थांबवतो, हुंगायला लावतो; पोट भरायला बोलावत नाही. जंगलात छायाचित्राचे यंत्र लावणाऱ्यांना जनावर दोन मिनिटे थांबले तरी पुरते. तेरा माणसे गेलेल्या मुलखाला ते पुरत नाही. आणि त्या सबंध मोहिमेचा खर्च, कष्ट, गाजावाजा पाहिला तर एक गोष्ट ठळक दिसते: अत्तर इंडियाचे होते, आणि झाडाला बांधलेली बकरी भारताची.

आमिषाचेही शास्त्र आहे, आणि ते तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले माहीत आहे. तुम्ही कापसात कामगंध सापळे लावता. गुलाबी बोंडअळीची ल्युअर वेगळी, हिरव्या अळीची वेगळी. गुलाबीच्या ल्युअरला हिरवीचा पतंग ढुंकूनही पाहत नाही. हेक्टरी पाच सापळे लावायचे, रोज सकाळी पतंग मोजायचे, आणि सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग सापडले तर मगच फवारणीचा विचार करायचा. २०१७ साली बोंडे किडली त्यानंतर हे गणित खेड्यापाड्यांतल्या पोरांनाही पाठ झाले. ज्वारीतली खोडमाशी पाहा. तिला मासळीच्या कुटीचा कुजका वास ओढतो. संशोधकांनी तिच्यासाठी मासळीच्याच कुटीचे सापळे वापरले. आमच्या बंदरावर जी घाण म्हणून नाक दाबून टाळतात तीच तुमच्या ज्वारीच्या शत्रूला बोलावते. सांगायचे काय, तर चांगले आमिष फक्त बोलावत नाही, ते निवड करते. कोण हवे आहे आणि कोण नको आहे हे ते ठरवते.

बकरी निवड करत नाही. पिंजऱ्यातली बकरी ओरडली की त्या रात्री त्या वाटेने जाणारा कोणताही बिबट्या येऊ शकतो. माणसावर हल्ला करणारा एक असेल, पण शेजारून जाणारी पिल्लांची आई सापडते, नाहीतर नुकताच आईपासून सुटलेला भोळा बच्चा सापडतो. जो जुना, पोळलेला, ज्याने पूर्वी पिंजरा पाहिला आहे, तो फेरी मारून निघून जातो. आमच्या वाडीत तेच झाले. बिबट्याला वासापेक्षा कान आणि डोळे जास्त कामाला येतात, म्हणून ओरडणारे जनावर ठेवतात. पण अकरा रात्री ओरडून बकरीचा घसा बसला की ते आमिष राहतच नाही, नुसता आजारी जीव उरतो. जाणते लोक सांगतात की सगळ्यांत खात्रीचे आमिष म्हणजे त्यानेच मारलेले जनावर, कारण अर्धवट खाल्लेल्या शिकारीवर तो परत येतो. पण आपल्याकडे काय होते? वासरू मेले की गाव जमा होते, फोटो निघतात, पंचनामा उद्यावर जातो, आणि वास सुटू लागला की मढे पुरतात. तिसऱ्या दिवशी पिंजरा येतो आणि बकरी मागतो.

शिवाय बकरी ही बिबट्याची पहिली आवड आहे हेसुद्धा कोणी ठरवले? नगर जिल्ह्यात अकोल्याच्या ऊस-मळ्यांच्या भागात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासून त्याचे खाणे शोधले. त्या वजनात कुत्र्याचा वाटा सुमारे ३९ टक्के निघाला, बकरीचा ११ टक्क्यांच्या आसपास. आणि हे अशा भागात, जिथे बकऱ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. कारण उघड आहे. बकरी रात्री आत असते, कुत्रे बाहेर असते. म्हणजे बिबट्या गावात येतो तो मुख्यतः गावाच्या उकिरड्यावर वाढलेल्या कुत्र्यांसाठी. गावोगावी मोकाट कुत्र्यांचे कायमचे आमिष आपण आणि आपल्या ग्रामपंचायती बारा महिने मांडून ठेवतो, त्यावर कोणी बोलत नाही. आणि पिंजऱ्यात मात्र आजीची पाट. (आमच्यातल्या एकाने हे वाचून विचारले, मग पिंजऱ्यात कुत्रे का ठेवत नाही? ठेवतातही कुठे कुठे. पण कुत्र्याचा मालक पुढे येत नाही आणि बकरीचा मालक गरीब असतो.)

बरे, सापडला बिबट्या, तर पुढे काय? याचे उत्तर जुन्नरने फार महाग विकत घेतले आहे. तिथे २००१ पासून मोठ्या संख्येने बिबटे पकडले आणि दुसऱ्या जंगलांत नेऊन सोडले. या स्थलांतराचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. २९ बिबटे सरासरी चाळीसेक किलोमीटरवर सोडले होते. त्याआधी त्या भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. सोडणे सुरू झाल्यावर ते १७ वर गेले. अनोळखी मुलखात टाकलेले, पिंजऱ्यात दात मोडून घेतलेले, माणसाला चिडलेले जनावर दुसरे काय करणार? २००९ मध्ये असाच एक म्हातारा बिबट्या टाकळी ढोकेश्वरजवळच्या विहिरीतून काढून, गळ्यात पट्टा घालून माळशेज घाटात सोडला. तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. त्याच्यावर पुढे चित्रपट निघाला. आमच्या आजीच्या बकरीवर निघणार नाही. केंद्र सरकारने २०११ मध्ये बिबट्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात हेच आहे की नुसता दिसला म्हणून पकडू नका, पकडणे हा शेवटचा उपाय. सूचना चांगल्या आहेत. पण गावात ओरड झाली की आमदाराचा फोन जातो, फोन गेला की पिंजरा येतो, आणि पिंजरा आला की काहीतरी केले असे दिसते. पिंजरा बिबट्यासाठी कमी आणि गावकऱ्यांसाठी जास्त असतो. आतली बकरी बिबट्याचे आमिष, आणि बाहेरचा पिंजरा आपले आमिष.

कोणी म्हणेल, प्रगत देशांत असे नसते. अमेरिकेत कोयोट नावाचे कोल्ह्याच्या भावकीतले जनावर मेंढ्यांचे कोकरू उचलते, आणि बॉबकॅट नावाचे रानमांजर कोंबड्या. तिथे १९३१ च्या कायद्याने शेतकऱ्याच्या जनावरांना त्रास देणारी श्वापदे आवरण्याचे काम सरकारच्या शेती खात्याकडे दिले आहे, पगारी सापळेवाले आहेत. आणि आमिषाचा तर बाजार आहे. कोयोट नाकाने जगतो म्हणून त्याला कुजवलेल्या अंड्याच्या वासाचे द्रव्य, दुसऱ्या जनावरांचे मूत्र. बॉबकॅट डोळ्याने शिकार करतो म्हणून त्याच्यासाठी वाऱ्यावर हलणारे पीस. जनावराप्रमाणे वास, हंगामाप्रमाणे वास, बाटलीवर किंमत. तिथला सगळा कारभार आदर्श आहे असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी लाखोंनी जनावरे मारली आणि कोयोट उलट पसरतच गेला. आपल्याला त्यातली एकच गोष्ट घेण्यासारखी दिसते. तिथे आमिषाची बाटली विकत घ्यावी लागते, आणि सरकारी सापळेवाला ती शेतकऱ्याच्या दारात हात पसरून मागत नाही.

आता थोडे कडू बोलायचे आहे, आणि ते आपल्याच माणसांना. रत्नागिरीत दर वर्षी कुठे ना कुठे बिबट्या फासकीत सापडतो. फासकी बिबट्यासाठी नसते, डुकरासाठी असते. मोटरसायकलच्या क्लचची वायर, गडग्याच्या खिंडीत लावलेली. डुक्कर सापडले तर रात्रीत वाटे होतात. बिबट्या सापडला तर कमरेत वायर रुतून दिवसभर ओरडतो, गाव जमा होते, गाडी येते, आणि मग ज्याच्या कलमांच्या बागेत फासकी आहे त्याच्यावर गुन्हा. ती त्याने लावली असो वा नसो. फासकीलाही बकरीसारखेच डोळे नाहीत. जो येईल तो तिचा. फासकी लावणाऱ्याची अडचण आम्हाला ठाऊक आहे. सुरण, कणगी, भात, नाचणी एका रात्रीत उकरून टाकलेली आम्ही पाहिली आहे, तुम्ही हुरड्यात आलेली ज्वारी आडवी झालेली पाहिली आहे. तरीही सांगतो, फासकी काढा. तीन वर्षांची किमान शिक्षा एका डुकराच्या वाट्यासाठी महाग आहे, आणि फासकीत अडकलेला बिबट्या वायर तोडून सुटला तर पहिला माणूस जो दिसेल तो आपलाच असतो.

पिठाच्या गोळ्यात दारू भरून केलेले गावठी बॉम्ब याहून वाईट. डुकरासाठी टाकायचा आणि गाभण म्हशीने चघळायचा, हे कोकणात नवे नाही. केरळात २०२० मध्ये स्फोटक भरलेल्या फळाने तोंड फुटलेली हत्तीण नदीत उभी राहून मेली, ते सगळ्या जगाने पाहिले. आणि कापूस पट्ट्यातल्या भावांना एक वेगळे सांगणे. वाघाने मारलेल्या बैलावर थायमेट टाकण्याचा प्रकार काही ठिकाणी होतो. ते औषध सरकारने २०२० च्या अखेरीपासून बंद केले तरी जुने डबे कोठीत पडून आहेत. विषारी आमिष वाघापेक्षा आधी गावची कुत्री, कोल्हे, कावळे खातात. आणि कोल्ह्याचा तुमच्या शेताला त्रास कमी, उपयोग जास्त. ज्वारीतले उंदीर कोण खाते? हातचा मजूर मारून चोराची वाट पाहण्यातला प्रकार.

फासकी काढा म्हणणारा आम्हाला विचारेल, मग करू काय? हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर सरकारकडे कागदावर तयार आहे. अनुसूची दोनमधले जनावर उभ्या पिकाला धोकादायक झाले तर मुख्य वन्यजीव रक्षक, किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी, ते मारण्याची परवानगी देऊ शकतो. कलम ११. रानडुक्कर आणि रोही दोन्ही त्यात बसतात. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये हा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणला. म्हणजे परवाना मिळतो. पण परवाना डुकराचा मिळाला तरी बंदूक कोणाची? कोरडवाहू शेतकऱ्याकडे बंदूक नाही, परवाना काढायला वर्षे जातात, निवडणूक आली की ती जमा करावी लागते, आणि डुक्कर दिवसा अर्ज लिहायला थांबत नाही. बिहारमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने रोही आणि रानडुक्कर काही जिल्ह्यांपुरते, वर्षभरासाठी उपद्रवी जाहीर केले होते. त्यालाही कायद्यात कलम आहे, ६२ वे. तिथे सरकारने नेमबाज आणले. आमचे म्हणणे असे की ज्याने जनावरावर मालकी सांगितली त्याने ते आवरावे. मेलेले डुक्करसुद्धा कायद्याने सरकारची मालमत्ता असते. जिवंत असताना त्याचा खुराक मात्र आमच्या शेतातून जातो. आमचा बैल शेजाऱ्याच्या शेतात शिरला तर कोंडवाडा आम्हाला. सरकारचे डुक्कर आमच्या शेतात शिरले तर अर्ज आम्हालाच.

आणि आता आमिषाच्या कथेचा कळस ऐका. २०२५ च्या पावसाळ्यानंतर शिरूर-जुन्नरकडे बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुले आणि म्हातारी माणसे गेली. लोक रस्त्यावर उतरले. त्यांचा संताप खरा होता. ज्याचे पोर गेले त्याला अभ्यास वाचून दाखवण्याची आमची छाती नाही, तिथे पिंजराच काय, गोळीही मागितली तर आम्ही त्याच्याच बाजूला उभे राहू. त्यानंतर डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनाच्या काळात राज्याच्या वनमंत्र्यांनी तोडगा सांगितला. एका मृत्यूला पंचवीस लाख, म्हणजे चार मृत्यूंना एक कोटी द्यावे लागतात. त्यापेक्षा एक कोटीच्या शेळ्या जंगलात सोडा, म्हणजे बिबट्या गावाकडे येणार नाही.

हिशेब नीट पाहा. पहिली गोष्ट, माणूस आणि शेळी एका तराजूत तोलून झाली. दुसरी, शेळी पाळलेल्या माणसाला विचारा: जंगलात सोडलेली शेळी जंगलात राहते का? ती संध्याकाळी दिवा दिसेल तिकडे येते. तिला माणूस हवा असतो. म्हणजे एक कोटीचे चालते-फिरते आमिष पुन्हा गावाच्या वेशीवरच येऊन उभे राहणार, आणि तिच्या मागून तो. तिसरी, ज्या बिबट्याला हरीण-भेकर कष्टाने धरावे लागते त्याला आयती शेळी खायची सवय लावायची आणि मग शेळीवाल्याने त्याच्यापासून शेळी वाचवायची! चौथी, शेळ्यांचे रोग रानातल्या जनावरांना लागतात ते वेगळेच. आणि शेवटची, जी आमच्या जिवाला लागली: सरकारला जंगलात सोडायला एक कोटीच्या शेळ्या विकत घेता येतात, पण पिंजऱ्यात ठेवायला एक घेता येत नाही.

म्हणून या बैठकीत ठराव मांडायचा आहे. मागण्या मोठ्या नाहीत. पिंजरा येईल तेव्हा आमिषाचे जनावर वन खात्याने बाजारभावाने, पावती देऊन, आधी विकत घेतलेले असावे. ते जनावर मेले, आजारी पडले, किंवा बिबट्याने मारले, तिन्ही वेळा नुकसान खात्याचे. त्याचा खण वेगळा, जाळीचा, सावलीचा असावा, चारा-पाणी आणि रोजची फेरी खात्याच्या माणसाची असावी. आमिषाशिवाय पिंजरा आणला तर तो गावाने उतरवून घेऊ नये. पिंजरा कोणत्या जनावरासाठी आणि कोणत्या कारणाने लावला, ते सापडले तर कुठे जाणार, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावे. आणि एका पिंजऱ्याच्या खर्चात जेवढे बंदिस्त गोठे होतात तेवढे आधी द्यावेत. रात्री जनावर आत आणि दार बंद असेल तर बिबट्या दाराशी फार वेळ काढत नाही, हे आमच्या जुन्या घरांतल्या गोठ्यांनी पिढ्यान्पिढ्या दाखवले आहे.

तोवर आपण करायचे ते एवढेच. वन्यप्राण्याने जनावर मारले तर ४८ तासांच्या आत जवळच्या वन कर्मचाऱ्याला कळवा, लेखी कळवा, पोचपावती घ्या. पंचनामा होईतो मढे जागचे हलवू नका, कातडे काढू नका. भरपाई बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा सरकारने ठरवलेली कमाल रक्कम, यांतली कमी असेल तीच मिळते, तेव्हा बाजारभाव लिहिताना गेल्या आठवड्याच्या बाजारातली पावती कोणाकडे असेल तर ती जोडा. नसेल तर पंचांपुढे दोघा व्यापाऱ्यांकडून भाव वदवून घ्या. पिंजऱ्यासाठी कोणी तुमचे जनावर मागितले तर द्यायचे की नाही हे तुम्ही ठरवा, पण दिलेत तर साध्या कागदावर लिहून घ्या: अमुक तारखेला, अमुक रंगाची, अमुक वयाची बकरी, अमुक पिंजऱ्यासाठी दिली, खाली नेणाऱ्याची सही. सही करायला कोणी तयार झाला नाही, तर बकरी घरी परत न्या.

बैठकीला येताना असे जे काही कागद असतील ते घेऊन या, अर्ज, पंचनामे, नाकारलेल्या भरपाईची पत्रे. ज्यांच्याकडे कागद नाही त्यांनी तारीख आणि जनावराचे वर्णन सांगावे, आम्ही लिहून घेऊ. आमच्या वाडीतल्या आजींचा अर्ज लिहून तयार आहे. बकरीचे वय चौदा महिने, रंग तांबूस, डाव्या कानाला खाच, रात्री अकरा. अंगठा त्यांनी दिला आहे. पोचपावतीची जागा अजून कोरी आहे.